पर्यावरणाचा पेपर आणि तालुक्याची वही

नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत लागू झाल्यापासून एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. पर्यावरण या विषयाला क्रेडिट किती द्यायचे? एका बाजूचं म्हणणं असं की हवामान बदलतंय, नद्यांची गटारं झाली आहेत, डोंगर कापले जाताहेत आणि आपण मुलांना दोन-चार क्रेडिटांचा तुकडा देऊन हात झटकतोय. हा विषय प्रत्येक वर्षाला सक्तीचा करा. दुसरी बाजू म्हणते, मुलं आधीच मूल्यशिक्षण, ज्ञानपरंपरा, सहअभ्यासक्रम अशा नाना टोपल्या डोक्यावर घेऊन फिरताहेत. त्यात आणखी भर घालण्यापेक्षा नोकरी मिळेल असं काही शिकवा. दोन्ही बाजू पोटतिडकीने बोलतात आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे. उच्च शिक्षणाचा निसर्गाशी काही संबंध असेल तर तो या एका पेपरातून जातो, असं त्यांना वाटतं.

मला ते मान्य नाही. हा पेपर उद्या रद्द केला किंवा दुप्पट केला, तरी सह्याद्रीला, कोकणातल्या सड्यांना (कातळी पठारांना), सोलापूरच्या माळांना त्याचा पत्ताही लागणार नाही. विद्यापीठांनी निसर्गाचं जे काही भलंबुरं केलं ते कृषी, स्थापत्य अभियांत्रिकी, नगररचना आणि व्यवस्थापनाच्या पदव्यांमधून केलं. जे करता आलं असतं आणि केलं नाही, ते काम मात्र अगदी साधं आहे. आपण ज्या तालुक्यात उभे आहोत त्याची सलग, वर्षानुवर्षांची नोंद ठेवायची आणि ती चारचौघांत मांडायची. महाराष्ट्रात साडेचार हजारांवर महाविद्यालयं आहेत. वनखातं, कृषिखातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांपैकी कुणाकडेही एवढी शिकलेली माणसं एवढ्या ठिकाणी कायमची बसलेली नाहीत. पदवीच्या अभ्यासात ही नोंद सक्तीची असावी आणि ती सार्वजनिक असावी, एवढीच माझी मागणी आहे. पर्यावरणाचा वेगळा पेपर राहिला काय नि गेला काय!

आधी त्या पेपराची गोष्ट. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी निकाल दिला आणि शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. बारा वर्षं फारसं काही हललं नाही. डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयाने पुन्हा कान धरले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. तो अभ्यासक्रम वाईट नव्हता. आठ प्रकरणं, पन्नास तासिका; शेवटचं प्रकरण क्षेत्रभेटीचं, त्यासाठी पाच तासिका आणि शंभरातले पंचवीस गुण. नदी, डोंगर, गवताळ माळ, प्रदूषित जागा यांपैकी काहीतरी प्रत्यक्ष पाहून लिहायचं, अशी अपेक्षा. म्हणजे कागदावर पाव हिस्सा निसर्ग मैदानात शिकवायचा होता.

प्रत्यक्षात काय झालं हे महाराष्ट्रात 2004 नंतर पदवी घेतलेल्या कुणालाही विचारा. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘ईव्हीएस प्रोजेक्ट’ तयार मिळतो. विषय ठरलेले: जलप्रदूषण, ध्वनिप्रदूषण, घनकचरा व्यवस्थापन, पाऊसपाणी साठवण. पहिल्या पानावर नाव आणि रोल नंबर लिहायला कोरी जागा, मध्ये इंटरनेटवरून उतरवलेली चार रंगीत चित्रं, शेवटी ‘निष्कर्ष व उपाययोजना’, वर स्पायरल बाइंडिंग. कॉलेजच्या पाठीमागून वाहणाऱ्या ओढ्याचं नावही त्या फायलीत नसतं. ती फाईल तपासणारा शिक्षक इतिहासाचा, हिंदीचा, कधी वाणिज्य शाखेचा. कारण ज्याचा वर्कलोड कमी भरतो त्याच्या गळ्यात हा विषय मारायचा हा अलिखित नियम. शिक्षकाला ठाऊक असतं, विद्यार्थ्याला ठाऊक असतं, दुकानदाराला तर सगळ्यांत जास्त ठाऊक असतं. असल्या व्यवहाराचे क्रेडिट दोनाचे चार केले की झेरॉक्सवाल्याचा धंदा वाढेल, दुसरं काय होईल?

याला जोड ‘हरित परिसरा’ची. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांची पारख करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात ऊर्जा आणि पर्यावरणाचं ऑडिट विचारतात. मग समिती यायच्या आधी गांडूळखताचा खड्डा तयार होतो, झाडांच्या बुंध्यांवर शास्त्रीय नावांच्या पाट्या खिळ्यांनी ठोकल्या जातात (झाडाला खिळा ठोकून पर्यावरणप्रेम दाखवणं आपल्यालाच जमतं) आणि जिओटॅग केलेले फोटो फायलीत लागतात. आवार हिरवं ठेवू नये असं मी म्हणत नाही. पण ज्या संस्थेचे पदवीधर पुढची तीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याची जमीन आणि पाणी हाताळणार, तिचं मोजमाप कुंपणाच्या आतल्या झाडांवरून करायचं?

निसर्गप्रेम असूनही ज्ञान नसेल तर काय होतं, याचं उदाहरण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पाहायला मिळतं. एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं घमेली-कुदळी घेऊन गावाबाहेरच्या माळावर जातात. 2019 साली राज्याने 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं तेव्हा तर झुंबडच उडाली होती. माळावर खड्डे खणायचे, रोपवाटिकेतून आलेली गिरिपुष्पाची, सुबाभळीची, गुलमोहराची रोपं त्यात उभी करायची, बॅनर धरून फोटो काढायचा. मुलांची भावना खरी असते आणि घामही खरा असतो. पण ज्या जागी खड्डा पडतो तिथे पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं शेकडो वर्षं उभी असतात. धाविक आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. लांडगा आणि खोकड याच मोकळ्या जागेच्या भरवशावर जगतात. धनगरांच्या मेंढ्यांचा चारा तिथलाच. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. त्याला कारणं अनेक आहेत, पण झाडं नसलेली जमीन म्हणजे ओसाड, पडीक जमीन ही समजूत त्यांतलं एक. आता सांगा, ही समजूत अडाण्यांची आहे का? ती महसूल खात्याच्या दप्तरात आहे, पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात आहे आणि ते दप्तर नि तो नकाशा पदवीधरांनीच केला आहे. ज्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाने त्या माळावरची गवतं दहा वर्षं मोजली असती, त्याच कॉलेजची एनएसएस तिथे खड्डे खणायला गेली असती का?

विद्यापीठ निसर्गापासून अलिप्त असतं आणि आता आपण त्याला निसर्गाकडे वळवायला निघालो आहोत, असं या वादात बोललं जातं. इतिहास नेमका उलटा आहे. पुण्यातलं अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली सुरू झालं ते सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे यांसाठी हाताखालची माणसं हवी होती म्हणून. 1879 मध्ये तिथेच शेतीचे वर्ग निघाले आणि महसूल, शेती नि जंगल खात्यांच्या कनिष्ठ नोकरांना शिकवण्याची सोयही झाली. आपल्याकडचं तंत्रशिक्षण जन्मापासून जंगल, जमीन आणि पाणी यांची मांडणी बदलण्यासाठीच आहे. तेव्हा निसर्गाच्या भवितव्यात उच्च शिक्षणाची भूमिका काय असावी, असा प्रश्न विचारणंच जरा भाबडेपणाचं आहे. भूमिका आहेच, दीडशे वर्षं आहे. ती कुणी तपासत नाही, इतकंच.

नीरेच्या कालव्याचं उदाहरण घ्या. याच महाविद्यालयात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिथल्या पाण्यासाठी ब्लॉक पद्धत बसवली. पाणी मोजक्या उसवाल्यांच्या शेतात न मुरता अधिक गावांना मिळावं, ऊस आणि हलकी पिकं आलटून-पालटून यावीत हा तिचा हेतू. विचार उत्तम होता. पण ऊस वाढत गेला आणि काही दशकांतच दख्खनच्या कालव्यांखालची जमीन पाणथळ आणि खारट होऊ लागली. मग त्यावर संशोधन आलं. 1932 मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. त्या केंद्राचं काम थोर आहे, यात शंका नाही. को 86032 आणि फुले 265 या वाणांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या किती घरांचे कर्जाचे हप्ते फेडले असतील याची मोजदाद नाही. पण जरा या साखळीकडे बघा. अति पाण्याने जमीन क्षारपड झाली आणि आपल्या विद्येने त्यावर शोधलेलं एक उत्तर असं की क्षारपड जमिनीतही तग धरील असा ऊस. निचऱ्याचं संशोधनही झालं, नाही असं नाही. तरी ज्या उत्तराने पाण्याचा प्रश्न मुळातून विचारावा लागत नाही, तेच उत्तर शेतापर्यंत सगळ्यांत लवकर पोचलं.

कोकणातही हेच घडलं. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याहून जुनं. त्यांची आंब्या-काजूची कलमं आणि 1990 पासूनची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना, या दोघांनी मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं रूप एका पिढीत बदलून टाकलं. मनिऑर्डरीवर जगणाऱ्या घरांना स्वतःचं उत्पन्न मिळालं. त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार मुंबई-पुण्यात बसलेल्या कुणालाही नाही. मात्र त्याच काळात डोंगरउतारांवरची मिश्र झाडी गेली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि सडेही बागेखाली आले. कलमाचं उत्पन्न किती वाढलं याचे आकडे विद्यापीठाकडे आहेत. त्या उतारांवर पूर्वी काय होतं, कुठला झरा मार्चपर्यंत वाहायचा आणि आता डिसेंबरातच आटतो, याची नोंद कुठे आहे? एका बाजूची जमाखर्चाची वही काटेकोर ठेवायची आणि दुसऱ्या बाजूची उघडायचीच नाही, याला हिशेब म्हणत नाहीत.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेली साक्ष इथे आठवते. सरकारचा बराचसा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. त्याच सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी गायरानं गिळणाऱ्या जंगल खात्यावर कोरडे ओढले. डोंगरावरचा पालापाचोळा आणि गाळ पाण्याबरोबर वाहून जाऊ नये, शेतात जिरावा म्हणून बांध-तलाव घालण्याच्या सूचनाही त्यात आहेत. साक्षीतला सवाल आणि पुस्तकातला जंगलाचा सवाल आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून शिकवतो, एक शिक्षणाच्या इतिहासात आणि दुसरा शेतीच्या. त्यांच्या डोक्यात ते एकच होते. ज्या जमिनीच्या पैशावर विद्या उभी राहते, तिला त्या विद्येने काय परत दिलं? एकशे चाळीस वर्षांनंतरही हा प्रश्न कुठल्याच मूल्यांकनाच्या निकषात नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की विद्यापीठाने निसर्गाच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं की त्याचं विज्ञान संशयास्पद होतं. प्राध्यापक आंदोलक झाला की त्याच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? यात तथ्य आहे. निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर असं लिखाण पर्यावरणाच्या नावाखाली भरपूर होतं. चार पानी पत्रकातल्या प्रजातींच्या याद्या कुठून आल्या ते विचारायची सोय नसते. म्हणूनच मी भूमिका घ्या असं म्हणत नाही, नोंद ठेवा म्हणतो. नोंद ठेवायला कुणाच्या बाजूचं असावं लागत नाही. पण नोंद नसली की कुणाचं फावतं, तेही बघायला हवं.

2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार खाणीसाठी, औष्णिक प्रकल्पासाठी, मोठ्या कारखान्यासाठी अहवाल लागतो. तो अहवाल प्रकल्पवाल्याने नेमलेली सल्लागार कंपनी करते. जागेवर काय आहे याची मूळ माहिती बहुतेक वेळा एका ऋतूची चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून! आता हा नियम घेऊन राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यावर मे महिन्यात जा. काळा, तापलेला कातळ, कुठे वाळकं गवत. अहवालात ‘विरळ वनस्पती’ असं लिहिणाऱ्याला खोटंही म्हणता येणार नाही. जूनचे दोन-तीन पाऊस होऊ द्या. कातळातल्या चिमूटभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीबाहेर कुठेही न सापडणारी. ती काही आठवडेच दिसतात. मग डबक्यांच्या काठाने गेंदाचे पांढरे ठिपके, कीटक खाणारी सीतेची आसवं आणि दवबिंदू. ऑगस्ट-सप्टेंबरात पायाखाली गालिचा. ऑक्टोबरच्या उन्हाने सगळं बीजात आणि कंदात परत जातं. या सड्याचं सगळं जगणं त्या चार महिन्यांत आणि प्रकल्पाचा अहवाल नेमके तेच चार महिने वगळून केला तरी ग्राह्य. जनसुनावणीत गावकरी उठून सांगतात की साहेब, इथे पावसात फुलं येतात, गुरं चरतात, खाली विहिरींना पाणी या सड्याचंच आहे. त्यावर उत्तर काय मिळतं? पुरावा द्या. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, पूर्ण अहवाल इंग्रजीत; पुरावाही त्याच भाषेत आणि त्याच साच्यात मागतात. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई वीस वर्षं विद्यार्थ्यांना त्याच सड्यावर घेऊन गेलेल्या असतात. त्यांच्या विभागाने तारीखवार नोंद ठेवून प्रसिद्ध केली असती, तर गावकऱ्यांना पुरावा शोधत फिरावं लागलं नसतं. बाईंना प्रकल्पाला विरोधही करायचा नव्हता आणि पाठिंबाही द्यायचा नव्हता. त्यांनी नुसतं असलेलं सांगायचं होतं. विभागाची ती वही कोरी, त्यामुळे सल्लागार कंपनीचा मे महिन्यातला सडा हाच अधिकृत सडा ठरतो. तटस्थतेच्या नावाखाली पाळलेलं हे मौन कुणाच्या पथ्यावर पडलं?

केरळातल्या सायलेंट व्हॅली या जंगलाचं प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखं आहे. तिथल्या वीजप्रकल्पाविरुद्धचा लढा आपण कवींची आणि मोर्च्यांची गोष्ट म्हणून सांगतो. पण त्याच्या कण्याशी महाविद्यालयातले शिक्षक होते. एम. के. प्रसाद हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. लोकांत विज्ञान नेणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने जीवशास्त्र, ऊर्जा, अर्थकारण अशा निरनिराळ्या अंगांनी त्या प्रकल्पाची चिकित्सा केली. वीज लागणार असेल तर ती कुठून आणता येईल, हेही मांडलं. 1983 मध्ये प्रकल्प बारगळला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. प्रसाद आंदोलक होते, मान्य. पण त्यांचं म्हणणं टिकलं ते घोषणेमुळे टिकलं का?

आपल्याकडेही असं काम झालेलं आहे, विसरायला नको. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवराई हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय असू शकतो हेच अनेकांना नवीन होतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती डोंगरकड्यांवरून शोधल्या, विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या आणि पुन्हा मूळ जागी नेऊन लावल्या. ज्या कंदांना गुराखी पोरं खर्चुडी म्हणून उकरून खातात, त्यांच्यासाठी एका विभागाने आयुष्यं दिली. पण ही कामं एकेका माणसाच्या चिकाटीवर उभी आहेत. माणूस निवृत्त झाला की पुढे काय? व्यवस्थेने ती करायला लावली नाहीत. बरेचदा व्यवस्थेच्या नाकावर टिच्चून ती झाली.

दुसरा आक्षेप नोकरीचा. ग्रामीण महाविद्यालयात येणारं पोर कोरडवाहू शेतकऱ्याचं, ऊसतोड मजुराचं असतं. त्याला पदवीतून पोट भरायचंय. तुमच्या पाखरांच्या याद्या त्याच्या काय कामाच्या? हा प्रश्न विचारणाऱ्याला हसून घालवू नये, कारण निसर्गप्रेम हा पोट भरलेल्यांचा छंद असल्याचा अनुभव त्याने घेतलेला आहे. पण कामं नाहीत असं म्हणणं खरं नाही. महापालिकांना दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो, तो बहुधा सल्लागारच करून देतात. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना बांबू-तेंदूचा हिशेब ठेवायला, जंगलाचा आराखडा करायला माणूस लागतो. पाणलोटाची कामं, भूजलाची मोजणी, पीकविम्याची पाहणी... ही कामं आहेत, त्यांना पैसा आहे, आणि ती बाहेरून येणाऱ्या एजन्सीला जातात. तालुक्यातल्या बीएस्सीला त्यातलं काही येत नाही, कारण त्याला कुणी शिकवलेलंच नाही. नोकरीचा मुद्दा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असं मला अजिबात वाटत नाही.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. गावाला, आदिवासीला जंगल कळतं. महाविद्यालयाने तिथे वही घेऊन जाणं हाच उद्धटपणा. शिकलेल्यांनी आजवर माहिती नेली, त्यावर पीएच.डी. मिळवली, परत फिरकले नाहीत. हे खरं आहे आणि याची लाज वाटायला हवी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने यावर फार पूर्वी तोडगा काढला. गावात अभ्यासगट चालायचे. बाहेरचा जाणकार यायचा तो गावाच्या प्रश्नावर, गावाच्या बोलावण्याने, गावात बसून बोलायला. त्या अभ्यासाच्या जोरावरच वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आलं. म्हणजे वही असावी, पण ती गावासमोर उघडावी आणि गावाने दुरुस्त करावी.

याच्या उलट काय होतं तेही आपण पाहिलंय. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली. वर्षानुवर्षं ती अंगावर कुणी घेतली नाही. मग हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, पुढे दर महिन्याला राज्याला दहा लाखांचा भुर्दंड लावला, आणि देशभर नोंदवह्यांचा पूर आला. मुदतीच्या धाकाने वर्ष-दोन वर्षांत गावामागून गाव उरकलेल्या वह्यांत पिढ्यांचं ज्ञान किती उतरलं असेल? तालुक्याचं महाविद्यालय तेव्हा कुठे होतं? तिथल्याच मुलांच्या आज्या रानभाज्या ओळखतात, तिथल्याच मुलांचे बाप डोहातले मासे सांगतात. ही मुलं त्याच वेळी झेरॉक्सच्या दुकानात ‘जैवविविधता: एक अभ्यास’ विकत घेत होती.

यासाठी नवा विषय, नवा पेपर लागत नाही. राज्याच्या नव्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे क्रेडिट आहेतच, सध्या ते कसेबसे भरले जातात. ते याला द्या. आणि शाखेनुसार काम वाटा, सगळ्यांनीच फुलपाखरं मोजायची गरज नाही. रसायनशास्त्राने ओढ्याच्या त्याच चार जागांचं पाणी दर महिन्याला तपासावं. भूगोलाने विहिरींची पातळी आणि जमिनीचा बदलता वापर टिपावा. वाणिज्यच्या मुलांनी बाजारात रानभाजी, मासळी, मध कुठून नि किती येतं ते लिहावं. मराठी विभागाने म्हाताऱ्यांकडून नावं, म्हणी, पाऊसपाण्याच्या आठवणी टिपाव्यात. तो पुरावा शास्त्रज्ञाच्या तक्त्याइतकाच लागतो. पहिल्या वर्षी हे हास्यास्पद दिसेल. दहाव्या वर्षी त्या तालुक्याबद्दल कुणालाही बोलायचं झालं तर ही वही उघडावी लागेल. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने जवळपास हेच शाळांसाठी सुचवलं होतं: मुलांनी भोवतालचा खरा अभ्यास करावा आणि तो सर्वांसाठी खुला ठेवावा. शाळांना ते झेपणं अवघड होतं. महाविद्यालयांना काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती खरी आहे. माणसंच नाहीत. राज्यातल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं पदं रिकामी आहेत. तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन-तीन कॉलेजांत तास घेत एसटीने फिरतो, मानधन महिनोन्महिने थकतं. त्याला दहा वर्षांची नोंद ठेव म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच माहीत नसतं. यावर माझ्याकडे चतुर उत्तर नाही. पदं भरावी लागतील, पैसा घालावा लागेल. कायम नोकरीतल्यांपुरतं मात्र बोलता येतं. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची जी शर्यत लावली, तिने पैसे देऊन छापून मिळणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं आणि त्या कागदांचा उपयोग लिहिणाऱ्यालाही नाही. त्यातल्या एका निबंधाऐवजी पाच वर्षांची तपासता येणारी स्थानिक नोंद पदोन्नतीला ग्राह्य धरली, तर खर्च एक पैशाचा नाही. फक्त नियम बदलावा लागतो.

आणि त्याहून मोठी अडचण, जिचा उच्चार या वादात दोन्ही बाजू टाळतात. महाराष्ट्रातली बहुतेक खाजगी महाविद्यालयं कुणाच्या हातात आहेत? ज्या घराण्याची शिक्षणसंस्था, त्याचाच अनेकदा साखर कारखाना, त्याचीच दूध डेअरी, त्याचाच वाळूचा किंवा खडीचा ठेकेदार. कारखान्याची मळी नदीत गेली आणि मासे मेले, त्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या विभागाने घेतलेला पाण्याचा नमुना फळ्यावर लावायची हिंमत कुठला प्राचार्य करील? म्हणून ही नोंद महाविद्यालयाच्या कपाटात राहून चालणार नाही. महिन्याची नोंद महिना संपायच्या आत विद्यापीठाच्या आणि राज्य जैवविविधता मंडळाच्या सामाईक संकेतस्थळावर चढावी, चढल्यावर संस्थेला ती काढता येऊ नये आणि भरणारा शिक्षक-विद्यार्थी यांना त्यापायी त्रास झाला तर दाद मागायची जागा कायद्यात असावी. परिणाम अहवाल करणाऱ्या कंपनीला त्या तालुक्याची उपलब्ध नोंद जोडणं बंधनकारक करावं. पटत नसेल तर का पटत नाही ते लिहावं. गावांनाही प्रत मिळावी, मराठीत, ग्रामसभेत वाचण्याजोगी. वार्षिक संकलनाला महापालिकांच्या अहवालासारखी 31 जुलैची तारीख ठेवायचा मोह कुणाला तरी होईलच. ती नको, तेव्हा कोकणातल्या सड्यांवर अर्धी फुलं यायची असतात. नोव्हेंबर ठेवा.